परदेशातील ग्लोबल हेल्थ संशोधन फेलोशिप: सोलापुरातून अर्ज करण्याविषयी मार्गदर्शन हवे

प्रश्न
पूर्वभागातली विद्यार्थिनी

नमस्कार. मी सोलापुरातील एका वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षात शिकते. गेल्या वर्षी मला आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) एसटीएस ही विद्यार्थ्यांसाठीची दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती मिळाली होती. त्या दोन महिन्यांत मी शहराच्या पूर्व भागात घरी बसून विड्या वळणाऱ्या शंभरेक स्त्रियांच्या श्वसनाच्या तक्रारींचा अभ्यास केला आणि पीक फ्लो मीटरवर (फुंकरीचा जास्तीत जास्त वेग मोजणाऱ्या उपकरणावर) त्यांची मापे घेतली. ही वस्ती आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर आहे, त्यामुळे काम सोपे जाईल अशी माझी समजूत होती. पण पहिल्या आठवड्यात एकही प्रश्नावली पूर्ण झाली नाही. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बाईने माझ्यासाठी हात थांबवावेत ही अपेक्षाच चुकीची होती, हे मला उशिरा कळले. पुढे मी त्यांच्याशेजारी बसून, त्या पान कातरत असताना एकेक प्रश्न विचारू लागले आणि काम मार्गी लागले. संमतीपत्रक मराठीत होते. बहुतेक जणी घरात तेलुगू बोलतात, म्हणून त्यातील मजकूर मी त्यांना तोंडी तेलुगूत समजावून सांगितला.

अहवाल मंजूर झाल्यानंतर याच विषयात पुढे काम करावे असे वाटू लागले आहे. परदेशातील काही विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी ग्लोबल हेल्थ संशोधन फेलोशिप असल्याचे वाचले. काही ठिकाणी कालावधी आठ-दहा आठवड्यांचा आहे, तर काही ठिकाणी पूर्ण वर्षाचा. आमच्या महाविद्यालयातून असा अर्ज कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि ज्या सरांनी एसटीएसला मार्गदर्शन केले त्यांनीही ही प्रक्रिया पाहिलेली नाही. मी पात्र ठरते का, शिफारसपत्रात काय असावे, वर्षभर जायचे झाल्यास इंटर्नशिप आणि पदवीनंतरच्या शासकीय सेवेच्या बंधपत्राचे काय होते, आणि वडिलांच्या यंत्रमागाच्या उत्पन्नावर हा खर्च पेलेल का, हे माझे प्रश्न आहेत. एका संस्थेने तर ईमेल पाठवून माझी ‘निवड’ झाल्याचे कळवले आहे आणि नोंदणी शुल्क भरण्यासाठी आठ दिवसांची मुदत दिली आहे. मी तिथे अर्जच केलेला नव्हता.

उत्तर १
पीएसएमचा (सामाजिक व रोगप्रतिबंधक वैद्यकशास्त्राचा) निवासी डॉक्टर, मूळ सोलापूर, सध्या पुणे

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे आठ दिवसांची घाई आहे. शुल्क भरू नका. जिथे अर्ज केला नाही तिथे निवड होत नसते. फेलोशिप या शब्दाचा अर्थच असा की संस्था तुम्हाला निर्वाह भत्ता देते, निदान शुल्क न घेता काम करू देते. तुमच्याकडून पैसे घेऊन प्रमाणपत्र देणारी गोष्ट ही सहल असते, आणि ती सहल म्हणून चांगली असली तरी अर्जात संशोधन म्हणून मोजली जात नाही. माझ्या एका वर्गमित्राने अशाच एका कार्यक्रमाला घरच्यांचे बरेच पैसे घातले. परत आल्यावर हातात गळ्यात अडकवायचे ओळखपत्र आणि एक समूह छायाचित्र एवढेच होते.

आता पात्रतेकडे येऊ, कारण बहुतेकांचे वर्ष इथेच वाया जाते. ‘ग्लोबल हेल्थ’ या नावाने निघणाऱ्या विद्यार्थी फेलोशिपांपैकी पुष्कळशा श्रीमंत देशांतील विद्यार्थ्यांना आपल्यासारख्या देशांत पाठवण्यासाठी असतात. तुम्ही ज्या पानावर ‘अर्ज करा’ हे बटण शोधत आहात, त्या पानाच्या दृष्टीने सोलापूर हे अर्जदाराचे गाव नसून कामाचे ठिकाण असते. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचे फोगार्टी इंटरनॅशनल सेंटर १९६८ साली स्थापन झाले आणि त्याचा वर्षभराचा ग्लोबल हेल्थ प्रशिक्षण कार्यक्रम या क्षेत्रात फार नावाजलेला आहे. पण त्यात विद्यार्थी पातळीवरच्या जागा अमेरिकेचे नागरिक वा कायम रहिवासी असलेल्यांसाठी आहेत, आणि आपल्याकडच्या उमेदवारांना संधी आहे ती पदव्युत्तर पातळीवर, म्हणजे एमडी किंवा पीएचडी हातात आल्यावर. शिवाय अमेरिकी सरकारच्या निधीवर चालणारे कार्यक्रम दर वर्षी चालूच राहतील असे गृहीत धरू नये. म्हणून कोणतेही पान उघडल्यावर त्यावरची छायाचित्रे आणि माजी फेलोंचे अनुभव बाजूला ठेवून आधी पात्रतेचा परिच्छेद वाचावा. नागरिकत्वाची अट आहे का, त्या देशातील विद्यापीठात नाव नोंदलेले असणे आवश्यक आहे का, आणि एमबीबीएसला ते पदवीपूर्व मानतात की डॉक्टरेट पातळीचे, हे तिन्ही मुद्दे तिथे स्पष्ट लिहिलेले नसतील तर दोन ओळींचा ईमेल पाठवून विचारावे. एमबीबीएसबद्दलचा गोंधळ खरा आहे. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते, त्यामुळे त्यांच्या ‘मेडिकल स्टुडंट’ आणि ‘अंडरग्रॅज्युएट’ या दोन रकान्यांपैकी तुम्ही कोणत्या रकान्यात बसता हे त्यांनाही विचारल्याशिवाय सांगता येत नाही.

तिसऱ्या वर्षात तुमच्यासाठी खरोखर उघडी असलेली दारे थोडी आहेत, पण आहेत. आयएफएमएसए ही वैद्यकीय विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९५१ पासून काम करते आणि तिच्यामार्फत चार आठवड्यांची संशोधन देवाणघेवाण होते. भारतात त्यासाठी एमएसएआय या संघटनेकडून जावे लागते. तिथे शुल्क असते हे खरे, मात्र राहण्याची सोय यजमान देश करतो, आणि त्यांच्याकडचा एक विद्यार्थी इकडे येतो म्हणून तुमचा एक तिकडे जातो असा तो व्यवहार आहे. जागतिक आरोग्य संघटनेची इंटर्नशिप ६ ते २४ आठवड्यांची असते, तिथे विद्यापीठातील तीन वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात, आणि २०२० पासून भत्ताही मिळतो. पण स्पर्धा जगभरातून असते आणि तिथले काम बहुतेक वेळा लेखन, आढावा व माहितीच्या विश्लेषणाचे असते. तिसरा मार्ग कोणत्याही पानावर जाहिरात होऊन येत नाही. ज्यांचे शोधनिबंध तुम्ही वाचले आहेत अशा एखाद्या प्राध्यापकांना थेट लिहायचे आणि त्यांच्या गटात उन्हाळ्यात काम करू द्याल का, असे विचारायचे. मी चाळीसेक ईमेल पाठवले, सात उत्तरे आली, एक जुळले. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसारख्या शिष्यवृत्त्या पदव्युत्तर शिक्षणासाठी असतात आणि त्यांना दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, त्यामुळे त्या आज तुमच्या यादीत नकोत.

ईमेल कसा लिहू नये हेही सांगतो, कारण माझे पहिले वीस तसेच गेले. ‘रिस्पेक्टेड सर’पासून सुरू होणारा, स्वतःच्या गुणांचा आणि शाळेपासूनच्या बक्षिसांचा तपशील देणारा आणि ‘कोणत्याही विषयावर काम करायला तयार आहे’ असे शेवटी म्हणणारा मजकूर वाचला जात नाही. त्याऐवजी त्यांच्या एखाद्या निबंधातील एक पद्धत घ्यावी, ती आपल्या शंभर स्त्रियांवर वापरताना कुठे अडली ते तीन वाक्यांत सांगावे आणि एक नेमका प्रश्न विचारावा. तुमच्याकडे तो प्रश्न तयार आहे. पीक फ्लोचे माप बाईने किती जोर लावला यावर अवलंबून असते. दिवसभर पाठ वाकवून बसलेली बाई फुंकताना जोर कमी लावत असेल, तर तंबाखूच्या धुळीचा परिणाम आणि थकव्याचा परिणाम वेगळे कसे करायचे? स्पायरोमेट्री (फुप्फुसांतून किती हवा किती वेगाने बाहेर पडते याची चाचणी) केली असती तर पुढचा पेच आला असता, तो अपेक्षित आकडा कोणत्या समीकरणावरून काढायचा हा. असे अपेक्षित आकडे देणाऱ्या २०१२ च्या जीएलआय या आंतरराष्ट्रीय समीकरणांत वंशगटांनुसार वेगवेगळे आकडे होते आणि २०२२ मध्ये वंशाचा भेद न करणारे जीएलआय ग्लोबल आले. या विषयात काम करणारा माणूस अशा प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय राहत नाही.

उत्तर २
तीन महिने जाऊन आलेली

वरच्या उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे. मी युरोपातील एका विद्यापीठाच्या आरोग्य विभागात इंटर्नशिप संपल्यावर तीन महिने काम केले, तेव्हा कागदपत्रांबद्दल आणि पैशांबद्दल लिहिते. ज्ञानापेक्षा त्यांनीच मला जास्त रडवले.

शिफारसपत्र ही आपल्याकडची सर्वांत कच्ची बाजू आहे. आपले प्राध्यापक मनापासून पत्र देतात, पण त्यांत ‘सालस, मेहनती, वेळेवर येणारी आणि सुसंस्कृत घरातील मुलगी’ असे लिहिलेले असते, खाली गोल शिक्का, वर जावक क्रमांक. परदेशातील निवड समितीला शिक्क्याचे काही वाटत नाही; तिला हे हवे असते की या विद्यार्थिनीने अमुक अडचण आल्यावर काय केले. सूप घेऊन बसलेल्या बाईशेजारी बसून प्रश्न विचारण्याची तुमची गोष्ट सरांच्या पत्रात यायला हवी, तुमच्या निवेदनात नव्हे. ती दुसऱ्याने सांगितली तर तिला वजन येते. त्यासाठी सरांकडे जाताना एक पान टिपण घेऊन जा, त्यात तारखा, तुम्ही केलेले काम आणि ज्या फेलोशिपसाठी पत्र हवे तिचा उद्देश लिहा. आणखी एक बारकी बाब अशी की अनेक पोर्टलवर शिफारस करणाऱ्याचा संस्थेच्या नावाचा ईमेल पत्ता लागतो आणि आपल्याकडे विभागप्रमुखसुद्धा जीमेल वापरतात. माझ्या एका अर्जात पत्राची लिंक सरांच्या जीमेलवर गेली, ती स्पॅममध्ये पडली, आणि मुदत संपल्यावर चार दिवसांनी त्यांना दिसली. महाविद्यालयाच्या संकेतस्थळाच्या नावाने ईमेल पत्ता उघडून मिळतो का, हे आजच कार्यालयात विचारून ठेवा, कारण ते काम एका दिवसात होत नाही.

गुणपत्रिकांच्या ट्रान्सक्रिप्टसाठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे अर्ज करावा लागतो. बोनाफाइड, इंग्रजी माध्यमाचे प्रमाणपत्र आणि अधिष्ठातांचे ना हरकत पत्र महाविद्यालयातून मिळते. ही तिन्ही एकाच अर्जात मागितली तर एकच फाइल फिरते, तीन वेगळे अर्ज केले तर तीन फाइली तीन वेगवेगळ्या टेबलांवर झोपतात. पासपोर्ट नसेल तर उद्याच अर्ज करा, सोलापूर पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येते. पासपोर्टवर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे अर्ज भरण्यापूर्वी बघा. माझ्या आडनावात एक ‘ए’ जास्त होता. त्या एका ‘ए’साठी प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नोंद आणि दीड महिना गेला.

व्हिसाचे नियम देशागणिक वेगळे आहेत. शेंगेन देशांत (सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांत) कमी मुदतीच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, म्हणून माझे काम नेमके तीन महिन्यांत बसवले होते. तिथे असे संशोधन त्या व्हिसावर चालते की वेगळा परवाना लागतो हे मात्र यजमान विद्यापीठाकडून लेखी घ्यावे. ब्रिटनला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचे तर भारतातून जाणाऱ्यांना क्षयरोग नसल्याचे प्रमाणपत्र त्यांनी मान्य केलेल्या केंद्रातूनच द्यावे लागते. क्षयरोगावर संशोधन करायला निघालेल्या माझ्या मैत्रिणीला छातीचा एक्स-रे काढण्यासाठी मुंबईला जावे लागले, तेव्हा आम्ही पुष्कळ हसलो होतो.

पैशांचा खरा प्रश्न एकूण रकमेचा नसून क्रमाचा असतो. भत्ता मिळतो तो तिथे पोचून बँकेत खाते उघडल्यावर, साधारण महिनाअखेर. विमान, विमा, व्हिसा आणि पहिल्या महिन्याचे भाडे त्याआधी खिशातून जाते. शिवाय व्हिसासाठी खात्यात शिल्लक दाखवावी लागते आणि ती रक्कम आदल्या दिवशी उसनी आणून भरलेली असेल तर ते हिशेबात दिसते. यंत्रमागाच्या धंद्यात पैसा खात्यात कमी आणि सुतात जास्त असतो हे मला माहेरच्या अनुभवावरून माहीत आहे, म्हणून वडिलांशी हे बोलणे आठ-दहा महिने आधी करा. जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देते, पण ती पदवीनंतरच्या अभ्यासासाठी आहे, त्यामुळे पुढच्या टप्प्यावर तिचा विचार करता येईल.

वर्षभराची फेलोशिप एमबीबीएसच्या मधोमध घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेत वैद्यकीय विद्यार्थी मध्ये एक वर्ष संशोधनाला देतात आणि पुन्हा वर्गात बसतात, ती त्यांच्याकडची रीत आहे. आपल्याकडे एक वर्ष गैरहजर राहणे म्हणजे उपस्थिती, परीक्षेची सत्रे आणि पुढची तुकडी या सगळ्यांशी भांडण. इंटर्नशिप बारा महिन्यांची असते आणि तिच्यात रजा मोजून मिळते, तेव्हा तिथेही फट नाही. आठ आठवड्यांचे काम असेल तर परीक्षेनंतरच्या सुट्टीत बसवावे. इलेक्टिव्हचा (आवडीच्या विषयात काम करण्याचा) काळही उपयोगी पडू शकतो, पण त्याचे दिवस तुकडीनुसार बदललेले आहेत. मोठा कालावधी इंटर्नशिपनंतर घ्यावा. शासकीय जागेवर प्रवेश असेल तर एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहेच. ती कधी सुरू करायची, पुढे ढकलता येते का आणि सेवेऐवजी दंड भरण्याची मुभा आहे का, याचे नियम प्रवेशाच्या वर्षानुसार वेगळे आहेत, म्हणून सीनियर काय म्हणतात ते सोडून तुम्ही स्वतः सही केलेल्या बंधपत्राची प्रत काढून वाचा.

उत्तर ३
बार्शीचा जुना डॉक्टर

दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, पण दोघांनीही एका वाक्याकडे लक्ष दिलेले नाही. संमतीपत्रक मराठीत होते आणि मजकूर तोंडी तेलुगूत सांगितला, असे या मुलीने सहज लिहून टाकले आहे. निवड समितीत ग्लोबल हेल्थचे नीतिशास्त्र जाणणारा एक जण जरी असेल तरी तो मुलाखतीत इथेच बोट ठेवील. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी लागते, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीने अंगठा दिला तर त्या वेळी निःपक्ष साक्षीदार लागतो. तुम्ही काय समजावले, याची कागदावर नोंद कुठे आहे? साक्षीदार कोण होते? शेजारची बाई, की मुकादमाचा मुलगा? मुकादमाच्या घरचा माणूस तिथे बसला असेल तर मजुरी ज्याच्या हातून मिळते त्याच्यासमोर ती बाई ‘नाही’ कशी म्हणेल? मी हे दोष काढण्यासाठी विचारत नाही. हे जे झाले ते लपवू नका, अर्जात अभ्यासाची मर्यादा म्हणून लिहा, आणि पुढच्या टप्प्यासाठी तेलुगू संमतीपत्रक तयार करून, ते दुसऱ्याकडून उलट मराठीत आणून ताडून पाहून, एथिक्स कमिटीकडे (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीकडे) मंजुरीला ठेवा. सोलापुरात उत्तम तेलुगू लिहिणारे निवृत्त शिक्षक शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट. पहिल्या उत्तरातील मित्र म्हणतात की त्या पानांच्या लेखी सोलापूर हे कामाचे ठिकाण असते. ते खरे आहे, पण ते तक्रारीच्या सुरात का म्हणावे? आमच्या बार्शीला १९८७ साली ग्रामीण भागासाठीची देशातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली, बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यांसाठी. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या वह्यांवर चालते; इथे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हते, म्हणून कर्मचारी गावोगाव जात, लोकांना कर्करोगाची लक्षणे समजावून सांगत आणि त्या बोलण्यातूनच संशयित रुग्णांचा पत्ता लागत असे. त्याचा परिणाम असा झाला की काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागल्या, तेही तपासणीची कोणतीही मोहीम नसताना.

त्याच पायावर पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक आणि फ्रान्समधील लिआँ येथील आयएआरसी ही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या, गावांचे ५२ गट पाडले होते, आणि २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या) चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या तुलनेच्या गटात ६४. पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) आणि व्हिनेगर लावून पाहण्याची पद्धत यांच्या गटांत मृत्यूंमध्ये असा ठळक फरक दिसला नाही. गरीब देशांत कोणती तपासणी आणावी या चर्चेत हे निष्कर्ष आजही पुढे केले जातात, आणि त्यातील प्रत्येक आकडा एसटीतून, जीपमधून, चिखलातून गेलेल्या माणसांनी गोळा केलेला आहे.

त्याच अभ्यासावर वादही झाला. तुलनेच्या गटातील स्त्रियांना नेहमीची सेवा मिळाली, तपासणी मिळाली नाही. उपाय ठाऊक असताना असा गट ठेवावा का, असा प्रश्न परदेशातील काही डॉक्टरांनी जाहीरपणे विचारला, आणि त्या वेळी त्या भागात कोणतीच तपासणी उपलब्ध नव्हती, हे त्यावरचे उत्तर होते. मला स्वतःला दोन्ही बाजू पूर्णपणे पटत नाहीत. तुम्ही या जिल्ह्यातून अर्ज करणार असाल तर हा वाद तुम्हाला माहीत असायला हवा आणि त्यावर तुमचे स्वतःचे मत हवे. मुलाखतीत ‘मी मागास भागातून आले आहे’ असे सांगणाऱ्या पन्नास जणी असतील.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. परदेशातील गट तुमच्या विषयावर भाळला आणि ‘नमुने इकडे पाठवा’ किंवा ‘आमच्या निधीतून सोलापुरात माहिती गोळा करा’ असे म्हणाला, तर ते तुमच्या आणि सरांच्या पातळीवर ठरत नाही. परदेशी सहकार्याच्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, म्हणजे एचएमएससीची मंजुरी लागते आणि तिचे कामकाज आयसीएमआर पाहते. दहा आठवड्यांच्या फेलोशिपमध्ये ते बसत नाही. म्हणून तिकडे जाऊन करायचे काम आधीच उपलब्ध असलेल्या माहितीवरचे ठेवा, उदाहरणार्थ २०१९ ते २०२१ या काळातील पाचवे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, आणि विड्यांचा अभ्यास इथला इथेच, आपल्या एथिक्स कमिटीखाली पुढे न्या. लेखकांच्या यादीत नाव कोणाचे आणि कितवे येणार, हे जाण्यापूर्वी ईमेलवर ठरवून घ्या. तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

प्रत्युत्तर
पूर्वभागातली विद्यार्थिनी

सर्वांची मनापासून आभारी आहे. शुल्क मागणाऱ्या संस्थेला उत्तर दिलेले नाही. बार्शीच्या सरांचा प्रश्न वाचून मी रात्री संमतीपत्रकांची फाइल काढली. तीस-पस्तीस कागदांवर अंगठे आहेत आणि साक्षीदाराच्या जागी बऱ्याच ठिकाणी त्याच घरातील सुनेची किंवा मुलीची सही आहे. मुकादमाकडचे कोणी नव्हते, एवढा दिलासा आहे, पण सून निःपक्ष साक्षीदार ठरते का याचा मी तेव्हा विचारच केला नव्हता.

निवेदनाचा पहिला परिच्छेद लिहिला आहे, तो इथे मराठीत देते: “ज्या सोलापूरने डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यासारखा सुपुत्र जगाला दिला, त्या भूमीत माझा जन्म झाला. १९३८ साली ते चीनमधील जखमी सैनिकांच्या सेवेसाठी गेले आणि तिथेच १९४२ मध्ये त्यांनी देह ठेवला. त्यांच्याकडून प्रेरणा घेऊन मीही सीमा ओलांडून मानवतेची सेवा करू इच्छिते.” हे ठीक वाटते का?

उत्तर ४
पीएसएमचा निवासी, मूळ सोलापूर, सध्या पुणे

हा परिच्छेद संपूर्ण काढा. कोटणीसांबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे आणि माझ्याही पहिल्या निवेदनात पहिला परिच्छेद हाच होता, अगदी ‘सुपुत्र’ या शब्दासकट. सोलापुरातून अर्ज करणारे आपण बहुधा सगळेच ही चूक करतो. ते युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करायला गेले होते. तुम्ही दहा आठवडे संगणकासमोर बसून आकडेमोड करायला निघाला आहात. दोन्ही एकाच वाक्यात ठेवले की वाचणाऱ्याला तुमच्या कामाबद्दल काहीच कळत नाही.

त्याजागी वर तुम्ही जे लिहिले आहे तेच लिहा: मी मराठी संमतीपत्रक घेऊन तेलुगू बोलणाऱ्या वस्तीत गेले, अंगठ्यांपुढे सुनांच्या सह्या घेतल्या, आणि त्यात काय चुकले हे मला नंतर कळले. त्यापुढे पीक फ्लोच्या मापाची अडचण मांडा आणि तिसऱ्या परिच्छेदात सांगा की याच दोन गोष्टी शिकण्यासाठी मला तुमच्या गटात यायचे आहे. नमुना-संख्या कशी काढली ते विचारतीलच. आपण सगळे परीक्षेसाठी ‘चार पीक्यू भागिले एल वर्ग’ हे त्याचे सूत्र पाठ करतो, पण त्यातला ‘पी’, म्हणजे तक्रार किती टक्के लोकांत असते तो आकडा, कोणत्या अभ्यासातून घेतला, हे सांगता आले नाही तर पंचाईत होते. सूप आणि हात न थांबण्याची गोष्ट सरांच्या पत्रासाठी राखून ठेवा, दुसऱ्या उत्तरातील मॅडमचे म्हणणे बरोबर आहे.

प्रत्युत्तर
पूर्वभागातली विद्यार्थिनी

आज सरांना भेटले. ‘पत्राचा मसुदा तूच करून आण, मी सही करतो,’ असे ते म्हणाले. मी टिपणाचे पान पुढे केले आणि मसुदा त्यांनीच लिहावा अशी विनंती केली. त्यांनी ते पान दोनदा वाचले आणि पहिल्या आठवड्यात एकही प्रश्नावली भरली नव्हती हे मला तेव्हा का सांगितले नाहीस, असे विचारले. पत्र ते स्वतः लिहिणार आहेत. कार्यालयात संस्थेच्या ईमेल पत्त्यासाठी अर्ज दिला आहे, आवक क्रमांक घेतला आहे. तेलुगू संमतीपत्रकासाठी आमच्या गल्लीतील एक निवृत्त शिक्षिका तयार झाल्या आहेत, मात्र ‘पीक फ्लो’ला तेलुगूत काय म्हणायचे यावर त्यांचे आणि माझ्या आजीचे अजून एकमत झालेले नाही.